फुगवटा

केतकी चौगुलेला आपल्या आजाराचा पहिला पत्ता लागला तो रेडिओवर बोलताना. सांगलीच्या एका केंद्रावर ती निवेदिका होती. यंत्रांचे आवाज एव्हाना सगळीकडे झाले होते, पण पुराच्या दिवसांत पाण्याची पातळी सांगायला माणूसच हवा अशी नदीकाठच्या लोकांची समजूत होती, आणि त्या समजुतीवर केतकीची नोकरी टिकून होती. त्या सकाळी ‘धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे नदीकाठच्या गावांनी’ इथपर्यंत ती आली आणि तिचा दम संपला. ‘सावध राहावं’ एवढंच उरलं होतं. ते शब्द बाहेर पडले, पण मध्ये एवढी पोकळी पडली की ऐकणाऱ्यांना वाटलं, केंद्रच बंद पडलं.

पुढचं वर्षभर तिला कुणी रक्त कमी आहे म्हणालं, कुणी दमा, कुणी मनावरचा ताण. जिना चढताना ती कठड्याला धरून उभी राहू लागली. संध्याकाळी पाय एवढे सुजत की चपलेचा पट्टा मांसात रुतायचा. शेवटी पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात नाव सापडलं. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा उच्च रक्तदाब. गोळ्या झाल्या, रक्तात सतत औषध सोडणारा पंप झाला, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की आता दोन्ही फुप्फुसं बदलणं एवढाच उपाय उरला आहे.

नवरा, सन्मती, प्रत्येक फेरीला सोबत असायचा. तासगावजवळ त्याचं बेदाण्याचं शीतगृह होतं. ते दुसऱ्यावर सोपवून तो गाडी काढायचा, वाटेत तिच्या पायाखाली उशी द्यायचा, डॉक्टरांचं बोलणं तिच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकायचा. त्यामुळे पुढं जे झालं, ते तिला कुठं ठेवावं हे कळेना.

अडचण मूत्रपिंडांची होती. तिची मूत्रपिंडं निम्म्याहून कमी काम करत होती.

नवी फुप्फुसं शरीरानं झिडकारू नयेत म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतात. त्या औषधांनी मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि वर्षानुवर्षांच्या आवळण्यानं मूत्रपिंड हळूहळू वाळत जातं. मुळातच निम्मं असलेलं मूत्रपिंड हा मारा किती सोसेल, हे सांगायला रुग्णालयात एक यंत्रणा होती. तिला सगळे ‘सावली’ म्हणत. दंडावर चिकटवलेल्या चकतीतून ती घडोघडी रक्ताची खबर घ्यायची, मूत्रपिंडांच्या चित्रांवरून त्यांची हुबेहूब जुळी आकृती संगणकात उभी करायची आणि त्या आकृतीवर औषधांची पुढची वर्षं आधीच घालून बघायची. फुप्फुस बदललेल्या हजारो माणसांच्या नोंदींवर ती शिकली होती आणि सहसा चुकत नसे.

सावलीनं सांगितलं की केतकीची मूत्रपिंडं फार तर दीड-दोन वर्षं टिकतील.

फुप्फुसं दुर्मीळ. म्हणून राज्याच्या अवयव मंडळानं नियम केला होता. ज्याची मूत्रपिंडं टिकणार नाहीत असं सावली म्हणेल, त्याला फुप्फुसांच्या रांगेत उभं राहायचं असेल, तर जवळच्या एका माणसानं मूत्रपिंडाची हमी द्यायची. सावलीनं सांगितलेला काळ संपेपर्यंत ते मूत्रपिंड राखीव. तोवर ते जपायचं, आणि हाक आली की द्यायचं.

तपासण्यांत सन्मतीचं मूत्रपिंड जुळलं. परतीच्या वाटेवर कराड मागं पडलं तरी तो काही बोलला नव्हता. मग त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

“केतकी, मी हमी देऊ शकत नाही.”

तिला आधी वाटलं, काहीतरी कागदपत्रांचं असेल. “का? काय राहिलंय?”

“राहिलं काहीच नाही. रेवाचा विचार करतोय.” रेवा त्यांची मुलगी, आठ वर्षांची. “डॉक्टर काय म्हणाले, तू पण ऐकलंस. हा आजार तुझ्या रक्तातून आलाय. तिच्यातही असू शकतो. उद्या तिला फुप्फुसं लागली, किडनी लागली, तर तिला कोण देणार? तू तर देऊ शकणार नाहीस. मी एकटाच उरतो.”

“तिला असेलच असं नाही म्हणाले. आणि असलं तरी होईलच असं नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

तो स्टिअरिंगकडे बघत राहिला. “मला भीती पण वाटते,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू. पण रेवाचं म्हणतोय ते भीतीतून म्हणतोय की खरंच, हे मलाही नीट कळत नाही.”

केतकी त्याच्याशी भांडू शकली असती, तर बरं झालं असतं. पण तो म्हणत होता ते चूक म्हणता येत नव्हतं. मुलीसाठी राखून ठेवणाऱ्या बापाला ती कोणत्या तोंडानं बोल लावणार? आणि बोल लावायचा नाही, तर छातीत हे जे रुतलं होतं ते नेमकं काय होतं? गाडी पुन्हा चालू झाली. घर येईपर्यंत दोघं रेवाच्या शाळेबद्दल बोलत राहिली.

हमी दिली ती पद्माक्कांनी.

पद्मावती ही केतकीच्या वडिलांची दुसरी बायको. आई गेली तेव्हा केतकी अकरा वर्षांची होती, आणि वर्षाच्या आत घरात आलेल्या या बाईला तिनं कधी आई म्हटलं नाही. सगळे म्हणत तसं ती पद्माक्का म्हणत राहिली, आणि ‘तुम्ही’ म्हणत राहिली. भांडणं अशी झाली नाहीत. पद्माक्का साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीच्या कामाला होत्या. सकाळी सायकलवरून जायच्या, संध्याकाळी यायच्या. वडील वारले, तेव्हापासून त्या माधवनगरच्या घरात एकट्या राहत होत्या. केतकी सणावाराला जायची, तासभर बसायची.

त्या स्वतःहून आल्या. सोफ्याच्या कडेवर बसल्या, दुखरा गुडघा हातानं उचलून सरळ केला आणि म्हणाल्या, “सन्मतीनं फोनवर सांगितलं सगळं. माझं रक्त तपासून घ्या म्हणावं. ओ आहे, कुणालाबी चालतं म्हणतात.”

“अक्का, तुम्ही कशाला?”

“कशाला म्हणजे? दोन आहेत की.”

केतकी पुढं काही बोलेल म्हणून त्या थांबल्या. ती चहा ठेवायला आत गेली. पद्माक्का चहा पिऊन गेल्या, आणि पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊन मंडळाच्या कॅमेऱ्यासमोर हमी देऊन आल्या. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना एक गोष्ट बजावली. गुडघ्यासाठी त्या रोज घेत होत्या त्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला वाईट. हमी संपेपर्यंत एकही गोळी घ्यायची नाही.

“मग दुखलं तर?” केतकीनं विचारलं.

“दुखंल,” पद्माक्का म्हणाल्या.

हिवाळ्यात फुप्फुसं आली. नागपूरच्या एका तरुणाची होती, अपघातातली. उबदार काचपेटीत श्वास घेत घेतच ती विमानानं पुण्याला पोचली. शस्त्रक्रिया दिवसभर चालली. शुद्धीवर आल्यावर केतकीनं पहिला पूर्ण श्वास घेतला तेव्हा तिला वाटलं, हवेत एवढी जागा आहे हे आपण विसरूनच गेलो होतो.

पण तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. दंडावरच्या चकतीचे आकडे बिघडत गेले. पलंगाशेजारच्या पडद्यावर दोन रेघा दिसायच्या, सावलीनं आधीच काढून ठेवलेली करडी आणि केतकीच्या मूत्रपिंडांची निळी. निळी रेघ करडीला चिकटून खाली उतरत होती, कुठं कुठं तिच्याही खाली. चार वेळा डायलिसिस करावं लागलं. सन्मतीनं पद्माक्कांना पुण्यात आणून ठेवलं. त्या रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात खुर्चीवर पाय लांब करून बसून राहायच्या, आणि काचेतून केतकीला दिसायच्या.

आणि मग निळी रेघ वळली.

आधी कुणी लक्ष दिलं नाही. आकडे दोन दिवस सुधारतात आणि पुन्हा बिघडतात, असं बऱ्याचदा होतं. पण लघवी वाढली, इतकी की परिचारिका पिशव्या बदलून दमल्या. पायांची सूज उतरली. महिन्याभरात निळी रेघ करडीच्या वर निघून गेली. तीन महिन्यांनी केतकीची मूत्रपिंडं शस्त्रक्रियेआधी होती त्याहून कितीतरी चांगली काम करत होती. दीड वर्ष झालं तरी ती तशीच होती. सावलीची करडी रेघ तोवर तळाला जाऊन संपली होती.

मूत्रपिंडांच्या डॉक्टर रुखसार मुजावर यांनी तिला आणि सन्मतीला समोर बसवलं. त्या मूळच्या मिरजेच्या.

“तुम्ही सांगलीच्या,” त्या म्हणाल्या, “फुगवटा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. खाली पाणी अडलं की ते मागं तुंबतं, आणि जिथं पाऊस पडला नाही त्या गावातही घुसतं. तुमच्या फुप्फुसांतल्या वाहिन्या आवळल्या होत्या. हृदयाची उजवी बाजू त्यांच्यातून रक्त ढकलता ढकलता थकली. मग रक्त मागं तुंबलं. यकृतात, पायांत आणि मूत्रपिंडांत. मूत्रपिंड गाळणी आहे. एका बाजूनं रक्त जोरात आत यायला हवं आणि दुसऱ्या बाजूनं सुखानं बाहेर पडायला हवं. तुमची बाहेरची वाटच तुंबली होती. गाळणी धड होती, पण गाळणार कशी?”

“मग नव्या फुप्फुसांनी वाट मोकळी झाली,” सन्मती म्हणाला.

“हो. सावलीनं मूत्रपिंड बारकाईनं पाहिलं, पण दुखणं मूत्रपिंडात नव्हतं. ती ज्या रुग्णांवर शिकली, त्यांतल्या बहुतेकांची फुप्फुसं कडक झालेली किंवा फुगलेली. हृदयामागं असं पाणी तुंबलेले तुमच्यासारखे त्यात फार थोडे. त्यांचं आत्ता आत्ता लक्षात येतंय.”

“म्हणजे हमी लागतच नव्हती?” केतकीनं विचारलं.

“आज पाहता, लागली नाही एवढं म्हणता येईल. तेव्हा मीसुद्धा सावलीवरच विश्वास ठेवला होता.” डॉक्टरांनी गोळ्यांच्या यादीवर बोट ठेवलं. “आणि औषधांचा मारा चालूच आहे. दहा वर्षांनी काय असेल, मला माहीत नाही.”

घरी येताना केतकीला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्या तळाशी काहीतरी गढूळ ढवळत राहिलं. सन्मती जे नाही म्हणाला होता, ते कधी मागायची गरजच नव्हती. एका यंत्राच्या चुकीमुळं त्याला तो प्रश्न विचारला गेला, आणि एका यंत्राच्या चुकीमुळं तिनं ते उत्तर ऐकलं. प्रश्न खोटा ठरला. मग उत्तर पण खोटं ठरतं का? सन्मती तोच होता. सकाळी तिच्या गोळ्या काढून ठेवत होता, धुळीत जाऊ नको म्हणून ओरडत होता. तिला त्याच्यावर राग धरता येईना, आणि राग गेला असंही म्हणता येईना. रात्री तो झोपला की ती त्याच्या पाठीकडं बघायची आणि तिला वाटायचं, इथं आत एक आहे, जे माझ्यासाठी नव्हतं. मग स्वतःचीच लाज वाटायची.

पद्माक्कांचं आणखी वेगळं. न घेतलेल्या दानाचे आभार कसे मानायचे? केतकी आता आठवड्यातून दोनदा माधवनगरला जात होती. भाजी नेऊन द्यायची, गुडघ्याला तेल लावून द्यायची. पद्माक्का म्हणायच्या, “पुरे गं, टीव्ही दिसंना.”

हमीची मुदत संपायला आली तेव्हा पद्माक्का एका दुपारी म्हणाल्या, “पुण्याला ती अंकिता भेटली होती, तुला सांगितलेलं का?”

“कोण अंकिता?”

“वाघमोडेंची. विट्याची. तू आत होतीस तेव्हा बाहेर माझ्या शेजारी बसायची. डायलिसिसला येते. चौतीस वर्षांची आहे. घरात कुणाचंच जुळंना.” त्या शेंगा सोलत होत्या, मान वर केली नाही. “तिला देणार आहे. मंडळाला विचारलं मी. सगळ्या तपासण्या झालेल्याच आहेत, परक्याला दिलं तरी चालतं म्हणतात. घरच्या माणसाची हरकत नसली की झालं.”

“नाही,” केतकी म्हणाली.

एवढ्या पटकन म्हणाली की पद्माक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“का गं?”

“तुमचं वय काय आहे, अक्का? साठ. आणि गुडघ्याचं काय? एकच राहिली, तर त्या गोळ्या कधीच घेता येणार नाहीत. जन्मभर.”

“दोन वर्षं काढली की. सवय झाली.”

“कोण ती, कुठली, चार दिवस शेजारी बसली म्हणून—”

“तू तरी कितीशी बसलीस माझ्याजवळ,” पद्माक्का म्हणाल्या. त्यात टोचणी नव्हती. हिशेबाची चूक दाखवावी तसं त्यांनी ते सांगितलं.

केतकी उठून स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली. ओट्याला धरून उभी राहिली. वय, गुडघा, सगळं खरं होतं. पण ‘नाही’ म्हणताना तिच्या मनात गुडघा नव्हता. ती बाहेर आली.

“डॉक्टर म्हणाल्या, दहा वर्षांनी सांगता येत नाही,” ती म्हणाली. “म्हणजे माझं.”

पद्माक्कांनी तिच्याकडं पाहिलं. “तुला लागणार असंल तर तसं सांग,” त्या म्हणाल्या. “ठेवते. तुझ्यासाठीच दिलेली. पण ती पोरगी तोवर राहायची नाही, तेवढं ध्यानात घे.”

केतकीनं पिशवी उचलली. ती घरी आली, आणि जेवताना सन्मतीला सगळं सांगितलं. रेवा टेबलाच्या टोकाला अभ्यास करत होती. तिला आत पाठवून सन्मती म्हणाला, “मग? काय ठरवलंस?”

“मी नाही म्हणाले. राखून ठेवा म्हणाले. सरळ तसं नाही, पण तसंच.” ती हसायला गेली आणि ते हसू मध्येच राहिलं. “त्या बाईनं साठाव्या वर्षी माझ्यासाठी एक किडनी कपाटात ठेवावी, आणि विट्याची एक बाई मरावी, असं मी म्हणाले. आणि तू रेवासाठी म्हणालास, तेव्हा मी दोन वर्षं—”

“ते आणि हे एक नाही.”

“नाही? मला कळत नाही सन्मती, एक आहे की नाही.”

तो ताटातल्या भाताकडं बघत होता. “मी आहे की,” तो म्हणाला. “दहा वर्षांनी लागलीच, तर मी आहे.”

“आता म्हणतोयस.”

“आता म्हणतोय.”

“तेव्हा नव्हतास.”

“तेव्हा नव्हतो. आणि आत्ता आहे ते लागत नाही म्हणून आहे की खरंच, हे लागेल त्या दिवशीच कळेल. तुलाही आणि मलाही.” त्यानं पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. “यापेक्षा जास्त माझ्याकडं नाही.”

पण तिला वाटलं, सावलीनं काढलेल्या करड्या रेघेपेक्षा हे बरं. यात निदान माहीत नाही असं सरळ म्हटलं होतं.

डॉक्टर मुजावर तिला पुन्हा भेटल्या. सावली एव्हाना नव्यानं शिकवली होती, केतकीसारख्या रुग्णांच्या नोंदी घालून. केतकीच्या मूत्रपिंडांच्या पुढच्या दहा वर्षांची रेघ काढायला सांगितलं, तर पडद्यावर रेघ आलीच नाही. एक रुंद पट्टा आला, पुढं पुढं रुंदावत जाणारा, वरच्या काठापासून तळापर्यंत.

“याचा अर्थ काय?” केतकीनं विचारलं.

“काहीही होऊ शकतं, असा.”

“मग यंत्र कशाला?”

“आधी खात्रीनं चुकत होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “हे त्यापेक्षा बरं, असं मला वाटतं. तुम्हाला वाटायलाच हवं असं नाही.”

मंडळाच्या पुण्यातल्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर दोन खुर्च्या होत्या. पद्माक्का एका खुर्चीवर बसल्या, पाय लांब करून. काळी किनार असलेलं करडं पातळ नेसल्या होत्या. केतकी दुसऱ्या खुर्चीवर. सन्मती बाहेर बाकावर थांबला होता. काचेपलीकडं एक बारकी, पिवळसर पडलेली बाई आईबरोबर उभी होती. ती अंकिता असावी. केतकीनं तिच्याकडं नीट पाहायचं टाळलं.

अधिकारी तरुण होता, अतिशय सभ्य. “दात्री स्वेच्छेनं देत आहेत?”

“व्हय,” पद्माक्का म्हणाल्या.

“आणि तुमचं यांच्याशी नातं?” त्यानं केतकीला विचारलं.

केतकी थांबली. पद्माक्कांनीच सांगून टाकलं, “माझ्या मालकांची मुलगी.”

“घरची व्यक्ती म्हणून तुमची काही हरकत आहे?”

“आहे,” केतकी म्हणाली.

अधिकाऱ्याचा हात थांबला. पद्माक्का तिच्याकडं वळल्या नाहीत, पण त्यांनी पाय जवळ ओढून घेतला.

“पण त्यांनी द्यावी,” केतकी म्हणाली.

“मॅडम, मला नीट कळलं नाही. हरकत आहे की नाही?”

“दोन्ही आहे. दोन्ही लिहा.”

“दोन्ही घेत नाही हे,” तो अवघडून म्हणाला. “एकच निवडावं लागतं.”

काचेपलीकडची बाई आता खाली बसली होती. तिच्या आईनं तिच्या कपाळावर हात ठेवला होता. केतकीनं या वेळी पाहिलं.

“मग हरकत नाही, लिहा.”

“नक्की ना? पुन्हा बदलता येणार नाही.”

“नक्की काहीच नाही,” केतकी म्हणाली. “पण ते तिथं लिहू नका.”